दाट वस्ती म्हणजे गर्दी नव्हे

दाट वस्ती म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर लगेच एका खोलीत कोंबलेली आठ माणसं येतात, पण हे दोन हिशोबच वेगळे आहेत. गर्दी म्हणजे एका खोलीत माणसं किती, आणि घनता म्हणजे एका हेक्टरवर घरं किती. घरं कमी पडली की भाडी चढतात आणि मग त्याच खोलीत माणसं वाढतात, म्हणजे घनता अडवून ठेवली की गर्दी कमी होते असं काही नाही, बऱ्याचदा उलटंच होतं.

जरा कागद-पेन घ्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना 20-20 मीटर रुंदीचे प्लॉट, असे 40 बंगले बसवायचे तर 400 मीटर रस्ता लागतो आणि तेवढीच पाण्याची लाईन, ड्रेनेज, केबल, दिव्याचे खांब. तेच 40 फ्लॅट 40 मीटर रुंदीच्या एका बिल्डिंगमध्ये आरामात बसतात. पाईप फुटला तर कुठे किती खणत बसायचं, तुम्हीच बघा! (आणि तो खर्च टॅक्समधून जातो, ज्याचा बंगला नाही त्याच्याही.)

बसचंही तेच. स्टॉपपर्यंत लोक साधारण 400 मीटर चालतात, तेवढ्या वर्तुळात जागा जेमतेम 50 हेक्टर. हेक्टरी 10 घरं असतील तर 500 घरं, 80 असतील तर 4000. 500 घरांसाठी दर दहा मिनिटांनी बस कोण सोडणार? मग प्रत्येकाला गाडी, गाडीला पार्किंग, पार्किंगला जागा, आणि त्या नादात घरं अजून लांब लांब. 1990 च्या सुमारास अटलांटात 25 लाख आणि बार्सिलोनात 28 लाख लोक होते, पण बार्सिलोना 162 चौरस किमीत मावलं आणि अटलांटा पसरलं 4,280 चौरस किमीवर.

आणि दाट म्हणजे टॉवरच असंही नाही हो. पॅरिसचा बराचसा भाग सहा-सात मजलीच आहे, तरी चौरस किमीला 20 हजारांच्या आसपास लोक राहतात. एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, 2 असेल तर 1000 चौरस मीटर प्लॉटवर 2000 चौरस मीटर बांधकाम, मग ते दोन मजल्यांत अख्खा प्लॉट भरून करा, चार मजल्यांत अर्धा मोकळा सोडून करा, नाहीतर 20 मजले चढवा आणि फक्त दहावा हिस्सा व्यापा, घनता तीच. मला विचाराल तर चार-सहा मजले बरे, लिफ्ट बंद पडली तरी जीव जात नाही आणि खाली खेळणाऱ्या पोराला गॅलरीतून मारलेली हाक ऐकू जाते. टॉवरखालची ती मोकळी जागा बहुतेक वेळा गाड्याच खातात.