दुप्पट का करायची?

भाचा आठवीच्या शिष्यवृत्तीची तयारी करतोय. गेल्या महिन्यात त्याने वही माझ्यापुढे सरकवली. ‘मावशी, 1849 चं वर्गमूळ काढायचंय, भागाकाराच्या पद्धतीने. तुला येतं का गं?’

येणारच, अशा तोऱ्यात मी पेन घेतलं. दहावीला गणितात 150 पैकी 128 होते मला. उजवीकडून जोड्या पाडल्या, 18 आणि 49. 18 मध्ये बसणारा मोठ्यात मोठा वर्ग 16, म्हणून वर 4 लिहिले. बाकी उरली 2. पुढची जोडी खाली उतरवली, 249 झाले. आणि गाडी तिथेच अडली. पुढे काय करायचं याचा मागमूस नाही. भाचा मोबाइलकडे हात न्यायला लागला तेवढ्यात कुठूनसा ‘दुप्पट’ हा शब्द आला, तोही आमच्या सरांच्या आवाजासकट. 4 ची दुप्पट 8. आता 8 च्या पुढे असा अंक लिहायचा की त्या नव्या संख्येला त्याच अंकाने गुणलं की 249 यावेत. 83 गुणिले 3. बरोब्बर! उत्तर 43.

या एका गणिताने माझी वीस मिनिटं खाल्ली. पुढचं, 7056 चं, तीन मिनिटांत सुटलं. शाळेत हीच रीत पक्की व्हायला मला आठवडा लागला होता. मधल्या तीसेक वर्षांत मी एकदाही वर्गमूळ काढलेलं नाही. मग हा वेग आला कुठून?

नेमका हाच प्रश्न हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने मोजमापात बसवला. 1885 साली त्याने स्मरणशक्तीवर पुस्तक लिहिलं. प्रयोगशाळा नाही, विद्यार्थी नाहीत. प्रयोग सगळे स्वतःवरच. अर्थ नसलेली अक्षरं जुळवून याद्या करायच्या, त्या बिनचूक म्हणता येईपर्यंत घोकायच्या, काही काळाने पुन्हा घोकायच्या आणि दोन्ही वेळा किती कष्ट पडले ते टिपून ठेवायचं. पहिल्यांदा दहा मिनिटं लागली आणि दुसऱ्यांदा सहा, तर बचत 40 टक्के. त्याच्या नोंदींत एका दिवसानंतर ही बचत 34 टक्क्यांच्या आसपास होती आणि महिन्यानंतर 21 टक्के.

या आकड्यांचा आलेख ‘विस्मरणाचा वक्र’ म्हणून सगळीकडे फिरतो आणि बहुतेक ठिकाणी चुकीचा वाचला जातो. ‘महिन्याभरात 79 टक्के विसरतो’ असं लोक बिनदिक्कत लिहितात. एबिंगहाउसने मोजली ती वाचलेली मेहनत. यादीतलं एक अक्षर आठवत नसतानाही मेहनत वाचू शकते, आणि माझ्या मते गंमत आहे ती यातच. 1970 च्या दशकात थॉमस नेल्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ते नीट दाखवून दिलं. लोकांनी पाठ केलेल्या जोड्यांपैकी ज्या त्यांना आठवत तर नव्हत्याच, पण समोर धरल्यावर ओळखूही येत नव्हत्या, त्यादेखील पुन्हा शिकताना नव्या जोड्यांपेक्षा लवकर बसल्या.

याहून विलक्षण प्रयोग हॅरॉल्ड बर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने घरातच, स्वतःच्या मुलावर केला. मुलगा सव्वा वर्षाचा असल्यापासून तीन वर्षांचा होईपर्यंत बर्ट त्याला सोफोक्लीस या प्राचीन ग्रीक नाटककाराच्या नाटकातले ग्रीक उतारे वाचून दाखवायचा. रोज वीसेक ओळींचे तेच उतारे तीन महिने, मग पुढचे. मुलाला ग्रीकचं ओ की ठो कळत नव्हतं. साडेआठ वर्षांचा झाल्यावर त्याच्याकडून काही जुने आणि काही नवे उतारे पाठ करून घेतले. नव्यांना सरासरी 435 वेळा म्हणावं लागलं, जुन्यांना 317 वेळा. ज्या घरात तिन्हीसांजेला भीमरूपी नाहीतर रामरक्षा म्हटली जायची, तिथल्या कुणाला याचं फार नवल वाटायचं नाही. पण पुढचा भागही सांगायला हवा. चौदाव्या वर्षी बचत 8 टक्क्यांवर आली आणि अठराव्या वर्षी शून्यावर. म्हणजे मागे उरलेलं हे भांडवलही वापराविना आटतं.

मेंदूत उरतं तरी काय? एक धागा उंदरांवरच्या संशोधनातून मिळतो. 2009 साली जर्मनीतल्या मॅक्स प्लँक संस्थेतल्या एका गटाने उंदराचा एक डोळा काही दिवस बंद ठेवला. मेंदूचा दृष्टीचा भाग उघड्या डोळ्याकडे झुकला आणि तिथल्या चेतापेशींच्या फांद्यांवर नवे, अतिसूक्ष्म काटे फुटले. एका पेशीचा दुसरीशी संपर्क होतो तो बहुतेक या काट्यांवर. डोळा उघडल्यावर मेंदूचं काम पहिल्यासारखं सुरू झालं, पण नव्या काट्यांतले बरेचसे जागेवरच राहिले. पुढे तोच डोळा पुन्हा बंद केला तेव्हा मेंदू पहिल्यापेक्षा लवकर सरावला, आणि या वेळी काट्यांची संख्या वाढली नाही. जुनेच पुन्हा कामाला लागले असावेत. उंदराचा डोळा आणि माझं वर्गमूळ यांत अंतर पुष्कळ आहे, हे कबूल. तरी पाण्याविना पडलेला पाट पुन्हा खणावा लागत नाही, तसंच काहीसं हे.

शाळेतल्या अभ्यासाचं नेमकं काय होतं, ते हॅरी बाहरिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने, शिकून पन्नास-पन्नास वर्षं उलटलेल्यांपर्यंत जाऊन तपासलं. 1984 मध्ये त्याने शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या 733 जणांची परीक्षा घेतली. पहिल्या तीन ते सहा वर्षांत भराभर गळती, आणि जे उरलं ते पुढची पंचवीस-तीस वर्षं जवळजवळ तसंच. 1991 मध्ये लिंडा हॉलसोबत त्याने 1,726 जणांचं शाळेतलं गणित तपासलं, आणि हा निकाल मला जास्त बोलका वाटतो. पुढे कॉलेजात वरच्या पातळीचं गणित घेतलेल्यांचं शाळेतलं बीजगणित पन्नास वर्षांनंतरही शाबूत होतं. शाळेत तितकेच गुण मिळवून तिथेच थांबलेले मात्र अंदाजपंचे उत्तरं देण्याच्या पातळीला आले होते. गुणांनी फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो विषय किती वर्षं हाताखालून गेला आणि त्यावर पुढे काही बांधलं गेलं का, याने. माझ्या 128 गुणांचं रहस्य इथे उलगडलं!

वाचून गिरवण्यापेक्षा आठवून बघावं, याला आधार आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चारही सत्रांत वाचला. काहींनी एका सत्रात वाचून उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने पारडं फिरलं: वाचणारे 40, आठवणारे 61. त्या दिवशी 249 पाशी मी पाठ्यपुस्तक उघडलं असतं तर वीस मिनिटं वाचली असती, आणि दुप्पट पुन्हा हरवली असती.

राहता राहिला भाच्याचा खरा प्रश्न. ‘पण दुप्पट का करायची?’ शाळेत हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. उत्तर द्यायला मला चौकटीचा कागद लागला. 1849 चौकोनी फरशा आहेत, त्यांचा एकच मोठा चौरस मांडायचाय. आधी 40 बाय 40 मांडून घेतल्या, 1600 संपल्या. उरल्या 249. आता चौरस चौरसच ठेवून वाढवायचा तर एकाच कडेला पट्टी लावून भागत नाही, उजवीकडे एक लागते आणि खाली एक. 40 लांबीच्या दोन पट्ट्या, झाली की दुप्पट, 80! कोपऱ्यात खाच उरते, ती पट्टीच्या रुंदीएवढ्याच चौरसाने भरायची. रुंदी 3 घेतली तर 80 मध्ये 3 मिळवून 83, त्याला 3 ने गुणलं की 249. एक फरशी उरली नाही. चौदाव्या वर्षी पाठ केलेली रीत मला शेहेचाळिसाव्या वर्षी कळली. भाचा ‘ओके’ म्हणाला आणि पुढच्या गणिताला लागला.

आई हे सगळं कोचावरून ऐकत होती. वय 78, शिक्षण सातवी. म्हणाली, ‘आम्हाला तर औटकी यायची,’ आणि लागलीच सुरू झाली: साडेतीन, सात, साडेदहा, चौदा... बारा औटे बेचाळीसपर्यंत सुसाट. तेराला अडकली. डोळे मिटले, ओठ हलले, नाहीच. मग तेरा सोडून थेट चौदा औटे एकोणपन्नास म्हणाली, तिथून साडेतीन मागे आली आणि विजयाने सांगितलं, ‘साडेपंचेचाळीस!’

‘आजी, औट म्हणजे?’

‘साडेतीन.’

‘मग साडेतीनचा पाढा म्हण ना सरळ.’