शॉकअप की जाड टायर : कच्च्या रस्त्यावरून रोज जाण्यासाठीची सायकल

वस्तीवरून शाळेला किंवा गावातून तालुक्याला रोज सायकलने जायचे ठरवून एखादा माणूस दुकानात गेला, की दुकानदार रस्ता कसा आहे असे विचारतो आणि 'खराब आहे' एवढे कानावर पडताच शॉकअपची, म्हणजे धक्के झेलायला चाकाला स्प्रिंगच्या नळ्या लावलेली सायकल पुढे आणून उभी करतो. खराब रस्ता म्हणजे शॉकअप हे समीकरण इतके रुळले आहे, की त्याच किमतीची, साध्या चिमट्याची (चिमटा म्हणजे पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा) आणि जाड टायरची सायकल गिऱ्हाईक पाहतही नाही. शॉकअप आणि टायर एकच काम करतात, फक्त शॉकअप ते अधिक चांगले करतो, हा समज या घोटाळ्याच्या मुळाशी आहे आणि तो चुकीचा आहे.

शॉकअपची एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांसाठीची माउंटन बाइक, कशी असते हे बहुतेकांना ठाऊक आहे. तिच्या शेजारी उभी असते ती हायब्रिड : साधा, न हलणारा चिमटा आणि बहुधा ३२ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर. काही हायब्रिडनाही शॉकअप लावून विकतात, तेव्हा नावावर जाऊ नये. चाकाच्या मापावर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण एमटीबीवर लिहिलेले २९ इंची आणि हायब्रिडवर लिहिलेले ७०० सी या दोन्ही चाकांची रिम एकाच मापाची, ६२२ मिलिमीटरचीच असते. गिअर सात आहेत की एकवीस, याने आपल्या प्रवासात फारसे काही बिघडत नाही. ब्रेक मात्र डिस्कचे घ्यावेत, कारण चिखलात रिमवर घासणारे ब्रेक कमी धरतात आणि वाळू-मातीने रिमही झिजवतात.

आता मुख्य मुद्दा. रस्त्याचा खडबडीतपणा दोन प्रकारचा असतो. एक म्हणजे मोठा दणका : खोल खड्डा, उतारावर वेगात आडवा आलेला धोंडा, ट्रॅक्टरच्या चाकोरीची उभी कड. दुसरा म्हणजे सततची थरथर : उघडी पडलेली खडी, मुरुमावरच्या बारीक लाटा, जांभ्याचे दगड. रोज ताशी पंधरा किलोमीटरच्या वेगाने पाणंदीतून जाणाऱ्या माणसाचे मनगट आणि कंबर दमवते ती ही थरथर, कारण मोठा खड्डा त्याला आधीच दिसतो आणि तो चुकवता येतो. शॉकअप हलण्यासाठी आधी त्याच्या नळ्यांमधले घर्षण मोडावे लागते, आणि स्वस्त शॉकअपमध्ये ते इतके असते की बारीक खडीवर तो जागचा हलतच नाही. याउलट हवेचा टायर प्रत्येक खड्याभोवती तिथल्या तिथे दबतो. सायकल आणि स्वार वर उचलले जाण्याऐवजी रबराचा तेवढाच तुकडा आत जातो. शिवाय पुढचा शॉकअप फक्त पुढच्या चाकाचे पाहतो, आणि बसलेल्या माणसाचे निम्म्याहून अधिक वजन तर मागच्या चाकावर असते. मागेही शॉकअप असलेली स्वस्त सायकल हा त्यावरचा उपाय नव्हे. तिच्यावर पायातले काही बळ स्प्रिंग दाबण्यातच जाते. स्वस्त शॉकअपात धक्का जिरवणारे तेलही बहुधा नसते, नुसती स्प्रिंग असते, आणि देखभाल झाली नाही तर दोन पावसाळ्यांत नळ्यांना गंज चढून तो दोनेक किलोचे निव्वळ ओझे होऊन बसतो.

उत्तर फ्रान्समधल्या पॅरिस-रुबे या दगडी फरसबंदीवरून जाणाऱ्या शर्यतीचे उदाहरण इथे लागू पडते. १९९२ आणि १९९३ साली जिल्बेर द्युक्लो-लासाल यांनी ती पुढे शॉकअप लावलेल्या सायकलीवर जिंकली होती, तरीही तिथे शॉकअप टिकला नाही; आजचे स्पर्धक त्याच दगडांवर तीस मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर कमी हवेवर चालवतात. पण इतके दूर जायला नको. दुधाच्या किटल्या लादून पाणंदीतून जाणाऱ्या आपल्या काळ्या सायकलीला साधा चिमटा, सुमारे चाळीस मिलिमीटर रुंदीचा टायर आणि स्प्रिंगची सीट असे, आणि शॉकअप नाही म्हणून कोणी दुधवाला घरी बसल्याचे ऐकिवात नाही.

जाड टायर घेऊन तो दगडासारखा फुगवणे ही त्यानंतरची चूक, आणि माझा सर्वांत जास्त राग तिच्यावर आहे. पंक्चरवाला अंगठ्याने दाबून 'अजून बसते' म्हणतो आणि कॉम्प्रेसरने क्षणात साठ-सत्तर पौंड हवा भरतो. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे. सत्तर किलोच्या माणसाला चाळीस मिलिमीटरच्या टायरमध्ये मागे सुमारे पंचेचाळीस आणि पुढे चाळीस पौंड पुरतात, पन्नास मिलिमीटरच्या टायरला त्याहूनही कमी. हवा फारच कमी केली तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटून तिला शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात. तसे झाले, तर पाच पौंड वाढवावेत. घरी मीटरचा पंप ठेवावा, अंगठ्यावर विसंबू नये.

डोंगरवाटांवर वेगाने उतरायचे असेल तर शॉकअप हवाच, पण तो चांगल्या प्रतीचा आणि म्हणून महाग असतो. रोजच्या येण्याजाण्याला मी साध्या चिमट्याची सायकल आणि निदान बेचाळीस मिलिमीटरचा टायर सुचवेन. खरेदीपूर्वी टायर आणि चिमटा, तसेच टायर आणि मागचा सांगाडा यांच्यात किती जागा आहे ते बोट घालून पाहावे, कारण पुढे याहून जाड टायर बसवायचा झाला तर हीच जागा आड येते. काळ्या रानातून जाणाऱ्याने तर ती मोकळीच ठेवावी; तिथला चिखल मडगार्डमध्ये असा भरतो की चाक फिरायचे थांबते. मोठ्या गुट्ट्यांचा टायर त्या चिखलात सुटका करत नाही, डांबरावर मात्र घरघरतो, म्हणून बारीक नक्षीचा घ्यावा. बाभळीचा काटा आणि सराटा दोन्ही टायरांना सारखेच, तेव्हा आतून काटारोधक पट्टी टाकावी आणि व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखाच आहे ना ते पाहावे, म्हणजे वाटेतल्या कोणत्याही पंक्चरच्या दुकानात हवा भरता येते.