पॉवरबँक घेताना आधी वजन बघा

सेलच्या दिवसांत ऑनलाइन दुकानं चाळली की ५०,००० एमएएचची पॉवरबँक अगदी स्वस्तात दिसते. फोटोत ती शर्टाच्या खिशात मावलेली असते. ही जाहिरात खोटी आहे हे कळायला ती मागवून उघडायची गरज नाही, गुणाकार आला की पुरे.

एमएएच म्हणजे मिलीअँपिअर-तास. हा आकडा विद्युत प्रभाराचा (चार्जचा) आहे, ऊर्जेचा नाही. ऊर्जा काढायची तर त्याला व्होल्टेजने गुणावं लागतं. नुसते एमएएच सांगणं म्हणजे धान्याची पोती मोजून दाखवायची आणि पोतं किती किलोचं ते सांगायचंच नाही, असा प्रकार.

प्रामाणिक कंपन्याही इथे थोडी चलाखी करतातच. पॉवरबँकमधला लिथियम सेल साधारण ३.७ व्होल्टचा असतो, म्हणून २०,००० एमएएच, म्हणजे २० अँपिअर-तास, गुणिले ३.७ म्हणजे ७४ वॅट-तास, हे झालं ऊर्जेचं माप. पण यूएसबीतून फोनला सहसा किमान ५ व्होल्ट द्यावे लागतात. ७४ ला ५ ने भागलं की उरतात १४.८ अँपिअर-तास, म्हणजे १४,८०० एमएएच. व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटमध्ये काही ऊर्जा उष्णता होऊन जाते, ती वजा केली की हाती साधारण १२ ते १३ हजार. खोक्यावर बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून छापलेला आकडा हाच. ५,००० एमएएचचा फोन चार वेळा चार्ज होईल असा हिशोब केलेल्या माणसाला जेमतेम तीन वेळा मिळतं ते यामुळे. याला फसवणूक म्हणणं जड जाईल, पण मोठा आकडा ठळक आणि खरा आकडा भिंगाने वाचावा असा, हे काही सहज घडत नाही.

५०,००० वाला मामला मात्र निव्वळ थाप असते. तितके एमएएच म्हणजे १८५ वॅट-तास. आजचे चांगले लिथियम-आयन सेल किलोमागे सुमारे २५० वॅट-तास साठवतात. म्हणजे नुसते सेलच ७०० ग्रॅमच्या पुढे गेले. वर खोकं आणि सर्किट. आता जाहिरातीत खाली जाऊन ‘आयटम वेट’ शोधा. तिथे २५० ग्रॅम लिहिलं असेल, तर विक्रेत्याने स्वतःच कबुली दिली आहे. हीच गत टॉर्चमध्ये घालायच्या १८६५० सेलची. १८ मिलिमीटर जाडीच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या त्या नळकांड्यात नावाजलेले उत्पादकही साधारण ३,५०० एमएएचच बसवू शकतात, आणि बाजारात मात्र ९,९०० छापलेले सेल खुशाल विकले जातात.

वजनाची परीक्षा एकाच बाजूने चालते. हलकी पॉवरबँक नक्की खोटी, पण जड म्हणजे खरीच असं नाही. आत वाळूच्या पुड्या भरलेल्या पॉवरबँक सापडल्या आहेत! तिथे यूएसबी मीटर कामाला येतो. तो पॉवरबँक आणि फोनच्या मध्ये जोडून पूर्ण भरलेली बँक रिकामी होऊ द्यायची आणि किती वॅट-तास निघाले ते बघायचं.

विमानप्रवासाचा नियमही इथे पडताळ्याला उपयोगी पडतो. १०० वॅट-तासांपर्यंतची पॉवरबँक हातातल्या सामानात चालते, १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे नाहीच. तेव्हा ‘५०,००० एमएएच, विमानात चालेल’ या वाक्यातला एक तुकडा तरी खोटा असायलाच हवा.

दोन टेराबाइटच्या स्वस्त पेनड्राइव्हला मात्र तराजू लावून काही कळत नाही. त्यातल्या कंट्रोलर चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. जागा ३२ जीबीची असली तरी कॉम्प्युटरला ती दोन टीबी सांगते. खरी जागा भरली की नवं जुन्यावर लिहिलं जातं किंवा हवेत जातं, फायलींची नावं मात्र जागच्या जागी दिसत राहतात. लग्नाचे फोटो उघडायला जाईपर्यंत पत्ता लागत नाही, आणि तोवर पाच तारे देऊन झालेले असतात. एफ-थ्री किंवा एच-टू-टेस्ट-डब्ल्यू ही मोफत साधनं ड्राइव्ह काठोकाठ भरून परत वाचून बघतात. परत करण्याची मुदत संपायच्या आत हे उरकायचं.

पॉवरबँकवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. पण ती नोंदणी सुरक्षिततेच्या मानकाची आहे, क्षमतेची हमी नव्हे. क्षमतेत फसवलं गेलात आणि विक्रेता दाद देईना, तर मीटरच्या आकड्याचा फोटो आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जवळ ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार करा. स्क्रीनशॉट आधीच काढलेला बरा. जाहिरातीतला मजकूर रातोरात बदलता येतो.