प्रेअरीवरची लाकडी कोठारं आणि ती उभी करणारा शेतकरी

आपल्याकडे मसूर आणि पिवळ्या वाटाण्याचं पीक कमी पडलं की आयात होते. त्यातला मोठा वाटा कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातून येतो. बाजारात 'कॅनडा मसूर' म्हणून विकला जाणारा माल ज्या मातीतून येतो, तिथे शेतीला सुरुवात होऊन जेमतेम दीडशे वर्षं झाली आहेत. तरीही तिथल्या गावोगावी शेतीचा वारसा जपायची धडपड गेली काही दशकं चालू आहे. लाकडी धान्यकोठारं वाचवली जात आहेत, वाफेवरची मळणीयंत्रं दुरुस्त होत आहेत, जुन्या वाणांचा गहू पुन्हा पेरला जातो आहे. एवढ्या तरुण शेतीला जपण्यासारखं काय आहे, हे कळायचं तर ती शेती कशी उभी राहिली तिथपासून पाहावं लागतं.

ही जमीन, म्हणजे प्रेअरी नावाचं गवताळ माळरान, रिकामी नव्हती. क्री, सोतो, असिनिबोइन अशा मूलनिवासी जमाती इथे बायसन या रानगव्यांच्या कळपांमागे फिरत, आणि १८८० च्या सुमाराला ते कळप जवळपास संपले. त्याआधी, १८७४ आणि १८७६ मध्ये, सरकारने या जमातींशी करार केले होते. जमिनीच्या बदल्यात राखीव क्षेत्रं, शेतीची अवजारं, बैल, गायी आणि बियाणं मिळेल, असं त्यांत लिहिलं होतं. पुष्कळ जमातींनी शेती मनावर घेतली. कुठे कुठे पिकंही चांगली येऊ लागली. पण १८८९ च्या सुमाराला हेटर रीड या अधिकाऱ्याने धोरण आणलं की मूलनिवासी कुटुंबांनी एखाद्या एकरात गहू घ्यावा, तो विळ्या-कोयत्याने कापावा, हाताने बांधावा. यंत्रं वापरायची नाहीत. माल विकायला सरकारी एजंटाचा परवाना लागे. शेजारी गोरा शेतकरी यंत्राने कापणी करत असताना यांचं उभं पीक थंडीने जात होतं. प्रेअरीच्या शेतीचा इतिहास सांगताना हे प्रकरण पहिल्या पानावरच यायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. कित्येक वर्षं ते कुठल्याच पानावर नव्हतं.

बाहेरून आलेल्यांसाठी १८७२ चा जमीन कायदा होता. १० डॉलर फी भरायची आणि १६० एकरांचा तुकडा घ्यायचा. तीन वर्षं तिथे राहून, घर बांधून, ठरलेली जमीन लागवडीखाली आणली की मालकी मिळे. १८८२ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे रेजायनापर्यंत पोहोचली, आणि पुढच्या तीस वर्षांत युक्रेनियन, स्कॉटिश, नॉर्वेजियन, जर्मन, शिवाय मेनोनाइट आणि दुखोबोर या ख्रिस्ती पंथांची माणसं तिथे उतरली. माळावर झाड नाही, म्हणून लाकूड नाही. मग गवताच्या मुळांनी घट्ट धरलेल्या मातीचे पट्टे नांगराने कापून, विटांसारखे रचून घरं उभी केली गेली. किंडर्सलीजवळचं ॲडिसन घर असंच मातीचं आहे आणि ते आजही उभं आहे.

रेल्वेने गावांची जागा ठरवली. घोडागाडीने धान्य नेऊन शेतकऱ्याला त्याच दिवशी घरी परतता यावं, या हिशेबाने रुळांवर दहा-पंधरा किलोमीटरच्या अंतराने स्टेशनं आली. प्रत्येक स्टेशनाशी एक किंवा अनेक उंच लाकडी कोठारं उभी राहिली. त्यांना तिकडे 'एलिव्हेटर' म्हणतात.

त्याची रचना डोळ्यांपुढे आणण्यासारखी आहे. गाडी उतारावरून आत येते, वजनकाट्यावर थांबते आणि धान्य जमिनीखालच्या खड्ड्यात रिकामं होतं. तिथून एका उभ्या पट्ट्यावर बसवलेल्या पत्र्याच्या वाट्या ते उचलून थेट माथ्यावर नेतात. माथ्यावरचा फिरता नळा कोठार सांभाळणारा एजंट खालूनच वळवतो आणि हव्या त्या कप्प्यात धान्य सोडतो. आपली मोटेची विहीर जशी पाणी वर आणून पाटात सोडते, तसं हे धान्याचं काम. पुढे रेल्वेच्या डब्यात धान्य आपल्याच वजनाने घसरत उतरतं, त्यासाठी यंत्र लागत नाही. भिंती जाड फळ्या आडव्या, एकावर एक रचून खिळ्यांनी ठोकलेल्या. आत हजारो मण गहू भरला की तो सगळ्या बाजूंनी बाहेर रेटतो, म्हणून एवढी मजबुती. माथ्यावर दुरुस्तीला जायचं तर एजंट एका छोट्या पाळण्यात उभा राहून दोर ओढत स्वतःलाच वर चढवी. १९३० च्या दशकात पश्चिम कॅनडात अशी ५,७०० हून अधिक कोठारं होती.

ही कोठारं सुरुवातीला शेतकऱ्यांची नव्हती. ती कंपन्यांची होती, आणि रेल्वे त्यांनाच आधी डबे देई. काटा मारणं, चांगल्या गव्हाला हलकी प्रत लावणं, कचऱ्याच्या नावाखाली वजन कापणं या तक्रारी आपल्या कुठल्याही बाजार समितीच्या दारात ऐकू येतील अशाच होत्या. १९०१ मध्ये बंपर पीक आलं आणि डब्यांअभावी बराचसा गहू पडून राहिला. तेव्हा डिसेंबरात इंडियन हेड या गावी शेतकऱ्यांनी संघटना काढली. तिचे अध्यक्ष डब्ल्यू. आर. मदरवेल पुढे प्रांताचे आणि नंतर देशाचे कृषिमंत्री झाले. पुढच्याच वर्षी संघटनेने सिंटालूटा स्टेशनच्या एजंटाला कोर्टात खेचलं, कारण कायद्याने ठरलेल्या क्रमाने तो शेतकऱ्यांना डबे देत नव्हता. शेतकरी जिंकले. त्याच सिंटालूटाच्या ई. ए. पार्ट्रिज यांच्या पुढाकाराने १९०६ मध्ये शेतकऱ्यांची स्वतःची धान्य कंपनी निघाली. १९२४ मध्ये सस्कॅचेवान व्हीट पूल ही सहकारी संस्था उभी राहिली आणि गावोगावच्या कोठारांवर तिचं नाव रंगवलं गेलं. साखर कारखान्याच्या धुराड्याकडे पाहून ज्यांच्या वडिलांनी 'हे आपलं आहे' असं म्हटलं असेल, त्यांना त्या रंगवलेल्या नावाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

गव्हाची गोष्ट आपल्याला आणखी जवळची आहे. सुरुवातीला प्रेअरीवर 'रेड फाइफ' हा गहू पिकत असे. १८४० च्या दशकात ओंटारियोतल्या डेव्हिड फाइफ या शेतकऱ्याने स्कॉटलंडहून मिळालेल्या थोड्या दाण्यांतून तो वाढवला. पावाला उत्तम, पण पिकायला उशीर. प्रेअरीवर ऑगस्टअखेरीसही हिमकडाका पडतो, आणि ओंबी हिरवी असताना तो पडला तर हंगाम गेलाच. यावर उपाय म्हणून १८९२ मध्ये रेड फाइफचा संकर 'हार्ड रेड कलकत्ता' या लवकर पिकणाऱ्या हिंदुस्थानी गव्हाशी करण्यात आला. १९०३ नंतर चार्ल्स साँडर्स यांनी त्या संकरातून एकेक झाड निवडलं. प्रयोगशाळा साधी, म्हणून दाणे तोंडात चावून चिकाचा चिवटपणा ते जोखत. १९०७ मध्ये इंडियन हेडच्या प्रायोगिक शेतावर त्याची मोठी चाचणी झाली. हा 'मार्क्विस' गहू. तो सुमारे आठवडाभर आधी तयार होई आणि उताराही जास्त देई. १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात रॉस्थर्नच्या सीगर व्हीलर यांच्या मार्क्विसला जगातल्या सर्वोत्तम गव्हाचा मान आणि १,००० डॉलर सोन्यात मिळाले. १९२० पर्यंत प्रेअरीवरच्या गव्हाखालचं बहुतेक सगळं क्षेत्र मार्क्विसचं झालं होतं. कॅनडाला 'जगाचं धान्याचं कोठार' ही ओळख मिळाली त्यात हिंदुस्थानी गव्हाच्या रक्ताचा वाटा आहे, आणि हे आपल्या शाळांत कुणी शिकवत नाही.

मग हे सगळं मोडलं कसं? १८९७ च्या क्रोज नेस्ट पास करारानुसार रेल्वेने धान्याची वाहतूक स्वस्त दरात करायची होती. त्या दरामुळे लहान फाटे आणि लहान कोठारं तगून राहिली. १९८३ मध्ये हा दर सैल झाला आणि १९९५ मध्ये वाहतुकीचं अनुदान पूर्ण बंद झालं. रेल्वेने फाटे उखडले. कंपन्यांनी शंभराहून अधिक डबे एका दमात भरणारी काँक्रीटची टर्मिनलं बांधली आणि शेतकरी ट्रकने लांबलांबच्या टर्मिनलला जाऊ लागला. रिकाम्या लाकडी कोठारावर कर लागतो, आगीचा धोका असतो, शिवाय ते प्रतिस्पर्ध्याच्या हाती जायची भीती. म्हणून ती झपाट्याने पाडली गेली. व्हीट पूलचं १९९६ मध्ये शेअर बाजारातल्या कंपनीत रूपांतर झालं आणि २००७ मध्ये तिचं नावही बदललं. गावाचं नाव मैलभरावरून दिसायचं ते कोठार गेलं की मागोमाग दुकान, शाळा, बर्फावरच्या हॉकीचं मैदान हेही जाताना लोकांनी पाहिलं. कोठारासाठी लोक का भांडले, त्याचं उत्तर यात आहे.

जपणुकीचं काम मात्र त्याआधीपासून होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जुनी वाफेची इंजिनं आणि मळणीयंत्रं भंगारात जात होती, तेव्हा काही जणांनी ती गोळा करायला सुरुवात केली. त्यातून १९४९ मध्ये प्रांताच्या कायद्याने वेस्टर्न डेव्हलपमेंट म्युझियम स्थापन झालं. त्याच्या आज चार शाखा आहेत, आणि नॉर्थ बॅटलफर्डच्या शाखेत तर अख्खं जुनं गाव उभं केलं आहे. १९८० मध्ये प्रांताला ७५ वर्षं झाली तेव्हा गावोगावच्या समित्यांनी आपापल्या गावाची जाडजूड पुस्तकं काढली. कुणी कुठला तुकडा घेतला, कुणाची विहीर कोरडी लागली, कुणाचं घर जळालं, सगळं घरोघरी विचारून लिहिलेलं. माझ्या मते या पुस्तकांचं मोल कोठारांइतकंच आहे. आपल्या किती गावांनी असं काम केलं आहे?

मॅनिटोबातल्या इंग्लिस गावी पाच कोठारांची सलग ओळ राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जपली आहे. पण लाकूड ते लाकूडच. सस्कॅचेवानमधल्या फ्लेमिंगचं १८९५ चं कोठार गावकऱ्यांनी खपून दुरुस्त केलं होतं. २०१० च्या फेब्रुवारीत ते आगीत गेलं.

बियाण्याचं नशीब त्या मानाने बरं निघालं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश कोलंबियातल्या केरेमिओसच्या जुन्या गिरणीत मूठभर रेड फाइफ पुन्हा पेरला गेला. पुढे काही सेंद्रिय शेतकऱ्यांनी तो वाढवला आणि आज बेकऱ्यांमध्ये त्याचा पाव नावानिशी विकला जातो. मूलनिवासी जमातींच्या करारातल्या न मिळालेल्या अवजारांचे आणि गुरांचे दावेही आता निकाली निघू लागले आहेत. तिकडे त्यांना 'गायी आणि नांगर' दावे म्हणतात.

झाडांच्या ओळींचं मात्र काय होणार ते ठरलेलं नाही. १९०१ पासून इंडियन हेडच्या सरकारी रोपवाटिकेने शेतांच्या बांधांवर वारा अडवण्यासाठी ६० कोटींहून अधिक रोपं वाटली. १९३० च्या दशकात माती उडून गेलेली ज्यांनी पाहिली, त्यांनी ती मुलांसारखी वाढवली. ही योजना २०१३ मध्ये बंद झाली. आजची पेरणीयंत्रं वीस-पंचवीस मीटर रुंद असतात आणि वळताना त्यांना ही झाडं आडवी येतात. म्हणून कित्येक शेतांतल्या ओळी बुलडोझरने उपटल्या जात आहेत. त्यांना कुठल्या ऐतिहासिक स्थळाचं संरक्षण नाही. ती ठेवायची की काढायची, हे ज्याच्या त्याच्या बांधावर ज्याचं तो ठरवतो आहे.