ड्रॉप्स सौम्य? उलट आहे!

"ड्रॉप्स तान्ह्या बाळाचे, म्हणजे सिरपपेक्षा सौम्यच." सांगलीत डी.फार्मच्या (फार्मसी डिप्लोमाच्या) वर्गात दरवर्षी कोणीतरी हे छातीठोकपणे सांगतं. मेडिकलच्या काउंटरवरही ऐकू येतं. साफ चूक.

मी पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या टेबलावर ठेवतो आणि लेबलं मोठ्याने वाचायला लावतो. सिरपच्या 5 मिलीत 125 मिग्रॅ, म्हणजे 1 मिलीत 25. ड्रॉप्सच्या 1 मिलीत 100! चौपट. तान्हं बाळ चमचाभर गिळत नाही, म्हणून थोडक्या थेंबांत जास्त औषध बसवलेलं असतं. सिरप संपलं म्हणून तेच ड्रॉप्स 5 मिली पाजले, तर पोटात 125 ऐवजी 500 मिग्रॅ; जादा डोस यकृताला बाधतो. (सिरप 5 मिलीत 250 मिग्रॅचंही मिळतं, तो आणखी घोळ.) म्हणून पोरांना सांगतो, ड्रॉपर आईच्या हातात द्या आणि कुठल्या खुणेपर्यंत भरायचं ते तिच्याकडूनच दाखवून घ्या.