षट्कर्णी होण्याची भीती

एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रावर, गोळ्यांची बाटली हातात पडते. तीस गोळ्या, रोज एक. पिशवीत टाकून चालायला लागलं की ती खुळखुळते. ज्याने घरात कुणालाच काही सांगितलेलं नाही, त्याला तो आवाज देवळातल्या घंटेएवढा मोठा वाटतो. मग कुणी बाटलीत कापूस कोंबतं, कुणी लेबल नखाने खरवडून काढतं. कुणी गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून खिशात ठेवतं आणि सगळे झोपल्यावर अंधारात गिळतं. पाहुण्यांनी घर भरलं की त्या रात्रीची गोळी राहून जाते.

या राहून गेलेल्या गोळीपासूनच सुरुवात करायला हवी, कारण बाकीचं विज्ञान भक्कम आहे. एचआयव्ही सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशींत शिरतो आणि स्वतःचा आराखडा त्या पेशीच्या डीएनएत गुंफून टाकतो. उपचार नसतील तर शरीरात दिवसाला अब्जावधी नवे विषाणू तयार होतात. नक्कल करताना हा विषाणू सतत चुका करतो, आणि त्यातलीच एखादी चूक औषधाला दाद न देणारा विषाणू जन्माला घालते. रक्तात औषध टिकून राहिलं तर नकलाच थांबतात, मग चुका व्हायला जागाच उरत नाही. गोळ्या बंद झाल्या की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा डोकं वर काढतो, कारण काही पेशींत तो निपचित पडून राहिलेला असतो. डोल्युटेग्राविर असलेली आजची गोळी एखाददुसरा चुकलेला दिवस सांभाळून घेते. आठवडेच्या आठवडे खंड पडला तर मात्र तिचाही इलाज चालत नाही.

भारतात सरकारी केंद्रांवर ही औषधं २००४ पासून मोफत मिळतात. २०१७ पासून तर चाचणी पॉझिटिव्ह आली की सीडी-४ किती आहेत हे न पाहता सगळ्यांनाच गोळ्या सुरू होतात. त्या नीट घेतल्या तर काय होतं, हे युरोपातल्या 'पार्टनर-२' अभ्यासाने २०१९ मध्ये दाखवून दिलं. त्यात ७८२ समलिंगी पुरुष जोडपी होती. प्रत्येक जोडीत एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही. बाधित जोडीदाराच्या रक्तातला विषाणू गोळ्यांनी दबलेला होता. या जोडप्यांमध्ये निरोधशिवाय सुमारे ७६ हजार वेळा संबंध आले. या काळात १५ जणांना नव्याने लागण झाली, पण त्यांच्या विषाणूची जनुकीय तपासणी केल्यावर एकाचाही विषाणू आपल्या जोडीदाराकडून आलेला निघाला नाही. तपासणीत न सापडणारा विषाणू संबंधांतून पसरत नाही. वैद्यकशास्त्रात इतकं निःसंदिग्ध उत्तर क्वचित मिळतं.

मग अडतं कुठे?

देशातल्या प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये ते ३ टक्क्यांच्या वर आणि हिजडा व ट्रान्सजेंडर व्यक्तींमध्ये ४ टक्क्यांच्या जवळ जातं. याचं एक कारण निव्वळ शरीररचनेचं आहे. गुदाशयाचं अस्तर पेशींच्या एकाच थराचं, नाजूक असतं आणि त्याच्या आजूबाजूला विषाणूला हव्या त्याच पेशींची दाटी असते. यात कुणाच्या चारित्र्याचा काही संबंध नाही. पण आपल्याकडे आजाराआधी चारित्र्याचीच चौकशी होते, आणि या लोकांच्या बाबतीत तर ती दुप्पट होते. रिपोर्ट फुटला की 'कसा झाला?' हा प्रश्न येतो आणि त्या प्रश्नामागून लैंगिकताही उघडी पडते. लग्न झालेल्या, मुलंबाळं असलेल्या पुरुषाला एकाच कागदातून दोन गुपितं फुटण्याची भीती असते. म्हणून तो तालुक्याचं सेंटर टाळतो आणि दुसऱ्या जिल्ह्यात नाव नोंदवतो. त्यासाठी पहाटेची एसटी, बुडालेली रोजंदारी आणि दर खेपेला घरी सांगायला एक नवं कारण लागतं. पावसात रस्ता बंद पडला किंवा सुट्टी नाकारली गेली की गोळ्यांत खंड पडतो. फाइलवर मात्र शेरा पडतो, 'रुग्ण अनियमित'.

कलंक मनात शिरतो कसा, याचा एक अभ्यास दक्षिण भारतात झाला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तो खास समलिंगी किंवा ट्रान्सजेंडर लोकांवरचा नव्हता, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. संशोधकांनी आधी एचआयव्हीसह जगणाऱ्या १६ जणांशी सविस्तर बोलून घेतलं, मग २२९ जणांची पाहणी केली. मुलाखतींत असं दिसलं की प्रत्यक्ष अपमान, हाकलून देणं, भांडी वेगळी ठेवणं असं स्वतःच्या वाट्याला आल्याचं तुलनेने कमी जणांनी सांगितलं. तरीही भीती मोठी होती. ती आली होती ऐकलेल्या गोष्टींतून. अमक्याला वॉर्डात कुणी हात लावला नाही, तमकीला घराबाहेर काढलं. या ऐकीव गोष्टींमुळे 'लोक आपल्याशीही असंच वागणार' हे मनात पक्कं बसत होतं. त्यापायी लपवाछपवी वाढत होती, आणि लपवाछपवीबरोबर नैराश्यही.

एखाद्या नर्सने एकदाच, एकाच रुग्णाशी तुसडेपणा केला तर त्याचा परिणाम त्या एकापुरता का राहत नाही, ते यातून कळतं. ती गोष्ट कानोकानी जाते. हिजड्यांच्या डेऱ्यात गुरू-चेल्यांचं सगळं जगच एकमेकांच्या आधारावर चालतं. तिथे 'त्या दवाखान्यात जाऊ नकोस' हा निरोप कुठल्याही सरकारी पत्रकापेक्षा लवकर पोहोचतो. तो निरोप बरेचदा खराही असतो. ओपीडीच्या बाकावर साडी नेसून कुणी बसलेली असावी आणि केसपेपरवरचं जुनं पुरुषी नाव रांगेसमोर मोठ्याने पुकारलं जावं. सगळ्या माना तिच्याकडे वळतात. उठलं तर आपणच 'तो', न उठावं तर नंबर जातो. ॲडमिट करायची वेळ आली तर पुरुषांच्या वॉर्डात की बायकांच्या, यावर तिच्यासमोरच चर्चा. अशा वेळी ती उठून निघून गेली, तर तिला आरोग्याची काळजी नाही असं कुणी म्हणू नये.

कायद्यानेही बरीच वर्षं या भीतीला खतपाणी घातलं. २००१ मध्ये लखनौत पोलिसांनी समलिंगी पुरुषांमध्ये एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ लावून पकडलं. ते चाळीसहून अधिक दिवस तुरुंगात होते. पुढे २००६ मध्ये खुद्द राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने दिल्ली उच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं की या कलमामुळे लोक लपून राहतात आणि आमचं काम अडतं. प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा या कलमाचा भाग सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केला. चारच दिवसांनी, १० सप्टेंबरला, एचआयव्ही-एड्स कायदा लागू झाला. संमतीशिवाय कुणाचा रिपोर्ट उघड करणं, एचआयव्हीमुळे उपचार किंवा नोकरी नाकारणं आता बेकायदा आहे. वीस किंवा अधिक माणसं काम करत असलेल्या रुग्णालयात तक्रार अधिकारी असलाच पाहिजे. हा कायदा चांगला आहे. पण तक्रार करायची तर नाव सांगावं लागतं, आणि ज्याची सगळी धडपड नाव झाकण्यासाठीच आहे तो त्या टेबलापर्यंत जाणार कसा? म्हणून माझी भिस्त कायद्यापेक्षा माणसांवर जास्त आहे.

मुंबईत हमसफर ट्रस्ट या संस्थेने १९९४ पासून हेच केलं, समलिंगी आणि ट्रान्सजेंडर समाजातल्याच माणसांना कामावर उभं केलं. २०२१ मध्ये हैदराबादला आणि पुढे कल्याण व पुण्याला 'मित्र' क्लिनिक सुरू झाली, ती मुख्यतः ट्रान्सजेंडर व्यक्तीच चालवत. तिथे हार्मोनच्या सल्ल्यासाठी आलेली व्यक्ती त्याच खोलीत एचआयव्हीची चाचणीही करून घ्यायची. ही जोड फार शहाणपणाची होती. गोळ्यांमुळे हार्मोनचं औषध निष्प्रभ होईल या धास्तीने एआरटी टाळणाऱ्या ट्रान्स स्त्रिया आहेत. डोल्युटेग्राविरचा इस्ट्रोजेनशी खटका उडत नाही, हे त्यांना विश्वासातल्या माणसाने सांगावं लागतं. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत थांबली आणि तिन्ही क्लिनिक बंद पडली. याचं मला अजूनही वाईट वाटतं. इमारत दुसरी मिळते, पण 'तिथे जा, तिथे नीट वागवतात' हा निरोप पुन्हा पहिल्यापासून पसरवावा लागतो.

तो निरोप पसरतो तेव्हा काय घडतं, ते मोठ्या सेंटरांवर समाजातली कार्यकर्ती सोबत असली की दिसतं. पहिल्या दिवशी ती नव्या माणसाशेजारी बाकावर बसते. नाव पुकारायच्या आधीच खिडकीशी जाऊन कोणतं नाव घ्यायचं ते सांगून येते. सहा महिन्यांनी व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याचा, रिपोर्ट येतो. त्यावरची इंग्रजी ओळ बऱ्याच जणांना कळत नाही, कागद घडी घालून खिशात जातो. कार्यकर्ती तो पुन्हा उलगडायला लावते आणि त्या ओळीवर बोट ठेवून सांगते, विषाणू सापडला नाही, आता तुझ्याकडून जोडीदाराला काही होणार नाही. हे वाक्य बहुतेकांनी तोवर कुणाच्याही तोंडून ऐकलेलं नसतं.