बोटं टोचल्याने मेंदूतली गुठळी सुटत नाही

‘अर्धांगवायूचा झटका आला की आधी सुईने दहाही बोटं टोचून रक्त काढा, मगच दवाखान्यात न्या’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतो. वाकडं तोंड तासाभरात सरळ झाल्याचं काहींनी पाहिलंही असेल. मेंदूच्या धमनीतली रक्ताची लहान गुठळी कधीकधी आपोआप विरघळते, श्रेय सुईला जातं.

मोठी गुठळी मेंदूच्या धमनीत अडकते. बोटातले चार थेंब गेल्याने ती हलत नाही. गुठळी की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, म्हणून घरी रक्त पातळ करणारी ॲस्पिरिनही नको. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांपर्यंत. मोठ्या धमनीतली गुठळी जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी वर नेऊन जाळीत पकडतात किंवा शोषून घेतात. साधारण 6 तासांत, स्कॅनवर मेंदूचा वाचवता येण्याजोगा भाग दिसला तर 24 तासांपर्यंत. खात्री हवी तर अँजिओग्राफीची चित्रं दाखवायला सांगा: आधी धमनी मध्येच तुटल्यासारखी, नंतर तीच फांद्यांसकट भरलेली.

रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं तर काही तास रस्त्यातच जातात. तेव्हा लगेच 108 लावा, सीटी कुठे चालू आहे ते विचारा. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ चिठ्ठीवर लिहून सोबत द्या. झोपेत झालं असेल तर निजायला गेल्याची वेळ.